भूत नेहमी मेलेल्याचंच का होतं?

जानेवारीत आपल्याच ओळखीच्या काही मंडळींनी शारजाहून रास अल खैमाला एक सहल काढली. निरोप असा होता: "झपाटलेला महाल आणि भुतांचं गाव. बसची सोय, जेवणात पुरणपोळी. मुलं रात्री घाबरून उठल्यास आयोजक जबाबदार नाहीत." मीही गेले. पुरणपोळी उत्तम होती. मुलं घाबरली नाहीत, मोबाईलवर खेळत बसली. घाबरली ती मोठी माणसं, तीही हौसेने, आणि परत येताना बसमध्ये प्रत्येकाने आपापल्या गावचं भूत काढलं. इंजिनियर, डॉक्टर, दोन चार्टर्ड अकाउंटंट. मी गप्प बसले होते. का गप्प बसले, ते आता सांगते. लेख थोडा लांबेल, आणि काहींना आवडणार नाही याची कल्पना आहे.

आधी महाल. अल धैत भागातला अल कासिमी महाल शेख अब्दुलअझीझ बिन हुमैद अल कासिमी यांनी १९८५ साली बांधला. चार मजले, पस्तीस खोल्या, वर काचेचा पिरॅमिड, छतांवर राशीचक्रं, भिंतींवर प्राण्यापक्ष्यांची चित्रं, जागोजागी पुतळे. खर्च पन्नास कोटी दिरहम झाला असं सांगतात. आणि मग घर रिकामं राहिलं, सुमारे तीस वर्षं. कुटुंब एकच रात्र राहिलं आणि पळून गेलं, खिडकीत लहान मुलांचे चेहरे दिसतात, फर्निचर आपोआप सरकतं, असं सगळं लोक सांगू लागले. पुढे तारेक अल शर्हान यांनी महाल विकत घेऊन दुरुस्त केला आणि २०१९ च्या अखेरीस तिकीट लावून लोकांना खुला केला. लोक त्याला 'गूढ महाल' म्हणतात. २०२२ मध्ये तो अडीच कोटी दिरहमला विक्रीला काढल्याच्या बातम्या आल्या होत्या. पन्नास कोटींचं घर अडीच कोटींना! आमच्या बसमधल्या सीए मंडळींना खरं तर इथे दचकायला हवं होतं, पण ते खिडकीतल्या चेहऱ्यांनी दचकले.

या महालाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. श्रीमंत माणसाने हौसेने बांधलेलं घर, प्रतिमा आणि पुतळे न रुचणारा भोवतालचा समाज, आणि वर्षानुवर्षं बंद राहिलेलं दार. एवढ्या भांडवलावर कुठेही जिन तयार होतो. आजचे मालक लोकांना आत नेऊन दिवे लावून दाखवतात, हे मला चांगलंच वाटतं. खटकलं ते वेगळंच. तासभर गप्पा झाल्या, त्यात जिन किती आले, पण एवढा डोलारा उभा करणाऱ्या हातांचा उल्लेख एकदाही आला नाही. असो. ते आखातात सगळीकडेच असं आहे.

संध्याकाळी अल जझिरा अल हमरा. इथे मात्र माझं डोकं फिरलं.

तुमच्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील. समुद्रकाठचं जुनं गाव. प्रवाळाचे दगड आणि किनाऱ्यावरचा खडक यांच्या भिंती, खारफुटीच्या खांबांवर पेललेली छपरं, झावळ्यांच्या चटया, मशिदी, अंगणं, एका मोती-व्यापाऱ्याचं वातमनोऱ्याचं ऐसपैस घर. माझं काम एअर कंडिशनिंगचं, त्यामुळे त्या मनोऱ्याखाली मी पंधरा मिनिटं नुसती उभी राहिले. विजेशिवाय वारा खाली ओढून आणणारी ती रचना बघून आपल्या तीनशे टनांच्या चिलरची लाज वाटते. आणि आमचे आयोजक तेवढ्यात मुलांना सांगत होते, "हं, इथे रात्री दारं आपोआप वाजतात."

वाजणारच. वारा आत यावा म्हणूनच बांधलंय ते!

हे गाव ओस का पडलं याचं उत्तर भुताकडे नाही, इतिहासात आहे, आणि ते फार जुनंही नाही. इथे झाब टोळीचे लोक राहत. मोत्यांवर जगत. उन्हाळाभर होड्या समुद्रात, आणि निघालेला माल बऱ्याच अंशी आपल्या मुंबईच्या बाजारात. हिशेब रुपयात, कारण १९६६ पर्यंत या सगळ्या किनाऱ्यावर रुपयाच चालत असे. १८१९ च्या डिसेंबरात रास अल खैमावर चाल करून आलेलं ब्रिटिश आरमार मुंबईहूनच निघालं होतं, आणि १८२० च्या जानेवारीत जो तह झाला त्यावर या छोट्या गावाच्या शेखाचीही सही आहे. म्हणजे तहावर सही करण्याइतकं हे गाव मोठं होतं. पुढे १९३० च्या सुमारास जपानी कृत्रिम मोत्यांनी आणि जागतिक मंदीने धंदा बसवला. आणि १९६८ च्या आसपास, रास अल खैमाच्या राज्यकर्त्यांशी वाद विकोपाला गेल्यावर, बहुतेक कुटुंबं घरं तशीच टाकून अबुधाबीला गेली. शेख झायेद यांनी त्यांना तिथे जागा दिली; अबुधाबीतला अल झाब भाग त्यांच्याच नावाचा. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९७१ ला, हा देश जन्माला आला. रास अल खैमा १९७२ च्या फेब्रुवारीत सामील झालं. तोवर गाव रिकामं झालेलं होतं.

एका राजकीय भांडणामुळे आणि एका बुडालेल्या धंद्यामुळे माणसं घरदार सोडून गेली. आपण तिथे जाऊन म्हणतो, जिनांनी हाकललं. २०१३ साली टोबी हूपरने 'जिन' नावाचा इंग्रजी-अरबी सिनेमा याच गावाच्या नावावर काढला, त्यामुळे तर शिक्काच बसला. आता तिथे पुरातत्त्व खात्याने दुरुस्त्या केल्या आहेत, कला महोत्सव भरतो, युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव आहे. पण आपल्या सहलीच्या निरोपात मात्र ते अजून 'भुतांचं गाव'च.

माझे अबुधाबीतले एक ज्येष्ठ सहकारी झाब कुटुंबातले. निवृत्त होण्याआधी एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना सहज विचारलं होतं, तुमच्या गावात भुतं आहेत म्हणतात. ते रागावले नाहीत. डबा बंद केला आणि म्हणाले, "त्या घरात माझी आई नवरी होऊन आली. भूत कुणाला म्हणता?" मला खाली बघावं लागलं. त्या दिवशी मला आमचं घर आठवलं होतं, आणि सहलीच्या बसमध्ये पुन्हा तेच आठवलं.

पण त्याआधी एक शंका निपटते. कुणीतरी म्हणेलच, "अहो, गंमत असते, एवढं काय मनावर घ्यायचं?" मला गंमत कळते. नारायण धारप मी शाळेत दप्तरात लपवून वाचलेत, मतकरींच्या गूढकथा आजही वाचते. गोष्टीतल्या भुताशी माझं भांडण नाही. ते गोष्टीत राहतं, पुस्तक मिटलं की जातं. आणि भूत नसतं हे सिद्ध करायलाही मी बसलेली नाही. ते काम डॉ. अब्राहम कोवूरांनी श्रीलंकेत केलं, आपल्याकडे अंनिसने केलं. माझ्याच धंद्यातली एक गोष्ट तेवढी सांगते. कोव्हेंट्रीच्या व्हिक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत रात्री घाम फुटायचा, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसायची. शोध घेतल्यावर नव्याने बसवलेला एक पंखा सापडला. तो साधारण १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज काढत होता. पंख्याचं बसवणं बदललं, आकृती गेली. हे त्याने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्या निष्कर्षावर वाद आहेत, पण पद्धत मला आवडते: भीती वाटली तर आधी पंखा बघा.

माझा आक्षेप त्या भुतांना आहे ज्यांचा पत्ता असतो. अमुक वाडा, तमुक विहीर. कारण तिथे खरोखर काहीतरी घडलेलं असतं आणि कुणीतरी ते केलेलं असतं.

शनिवारवाडा घ्या. पेशव्यांचं राहतं घर. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, अठरा वर्षांच्या नारायणरावाला गारद्यांनी त्याच घरात कापलं. पुण्यात वाढलेल्या प्रत्येक पोराला माहीत आहे की अमावास्येच्या रात्री तिथे हाक ऐकू येते. त्यातल्या किती पोरांना रामशास्त्री प्रभुण्यांनी नंतर काय केलं ते धड सांगता येईल? एका न्यायाधीशाने सत्ताधीशाला तोंडावर दोषी ठरवलं, ही त्या घरातली खरी थरारक घटना. पण आपण रात्री कुंपणापाशी जाऊन पोराची हाक ऐकू येते का बघतो. रघुनाथरावाचं भूत कुणी पाहिलंय? सुमेरसिंग गारद्याचं? नाही. मेला तो पोरगा, आणि भिववतोही तोच पोरगा.

आपल्या भुतांची यादीच काढून बघा. बाळंतपणात मेलेली बाई: हडळ. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा: मुंजा. विधवा मेली की लावसट, सवाष्ण मेली की जखीण, बुडून मेला तो गिऱ्हा. (भुतांनाही जात आहे: ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, खवीस मुसलमानाचा. आणि 'खवीस' हा शब्द मुळात अरबी 'खबीस', म्हणजे दुष्ट. म्हणजे आपण इथे यायच्या कितीतरी आधी इथलं भूत आपल्याकडे पोचलं होतं.) या यादीत बाळंतिणीला उपाशी ठेवणाऱ्या सासूचं भूत नाही. विधवेचं मुंडन करणाऱ्या दिरांचं नाही. कुळाला झाडाला बांधून मारणाऱ्या खोताचं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तोच मेल्यावर गुन्हेगार, आणि ज्याने केला त्याची माजघरात तसबीर.

आमच्या माजघरात आहे. हार घातलेली.

राजापूर तालुक्यात आमचं खोतांचं घर. जांभ्याचा चौथरा, लांबलचक पडवी, ओटी, माजघर, वर माडी, मागे परसात पायऱ्यांची विहीर. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, घराचा तोरा बराच काळ राहिला. तीन भाऊ. सगळ्यात धाकटे ते माझे आजोबा. मधले लग्नानंतर दोन वर्षांत गेले. त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत. लहानपणी मे महिन्यात आम्ही मुंबईहून गेलो की पहिली ताकीद: तिन्हीसांजेनंतर विहिरीकडे जायचं नाही, माई बसलेली असते. पांढरं आलवण, पाठमोरी. आमच्यापैकी दोघांनी तिला 'पाहिलं' होतं. गडी त्या बाजूला फिरकत नसत, त्या बाजूची कलमं कुणी राखत नसे. गावात घराची ओळखच ती झाली: माईच्या विहिरीचं घर.

वडील २०१७ साली गेले. त्यांच्या ट्रंकेत एक कागद सापडला. रत्नागिरीच्या एका वकिलाने १९४६ च्या डिसेंबरात थोरल्या आजोबांना पाठवलेली नोटीस. माईच्या वतीने. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला एकत्र कुटुंबात नवऱ्याच्या हिश्श्यावर हयातीपुरता हक्क मिळाला होता, वाटणीही मागता येत होती. त्या बाईने ती मागितली होती. एकवीस वर्षांची, केस काढलेली, अक्षरओळखीपुरती शिकलेली बाई गावातून रत्नागिरीपर्यंत पोचली कशी, वकिलाची फी कुठून दिली, हे मला अजून उलगडलेलं नाही. पुढच्या शिमग्याच्या आत ती विहिरीत सापडली. पडली, उडी मारली, की आणखी काही, हे कुणी विचारलं नाही. चार महिन्यांत तिथे भूत बसायला लागलं. मग तर विचारायचा प्रश्नच उरला नाही, कारण त्या बाजूला जायचंच नव्हतं.

वडिलांनी तो कागद सत्तर वर्षं जपला आणि मला कधी दाखवला नाही. मी त्यांना फार पुरोगामी समजत होते. ते होतेही. पण मे महिन्यात ताकीद तेही देत.

आता आजची गोष्ट. घर विकायचं चाललंय. घेणाऱ्याला तिथे रिसॉर्ट करायचं आहे. थोरल्या घरातले माझे चुलतभाऊ सगळं बघतात. प्रेमळ माणूस आहे, माझ्या आईच्या आजारपणात धावपळ त्यानेच केली, हेही नोंदवते. त्याचा फोन आला, "ताई, दोन गोष्टी. वाड्याची ख्याती बघून पार्टी भाव पाडतेय, तर त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घेऊ म्हणजे तोंड बंद होईल. गुरवानेही कौल लावलाय. खर्चाचा तुझा वाटा पाठव. आणि वकिलातीतून मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठव." माझ्या दोन चुलतबहिणींकडून हक्कसोडपत्रं आधीच लिहून घेतली आहेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना बरोबरीचा हक्क दिला, तो आपल्या घरांमध्ये साडी-चोळीवर सुटतो.

मी विचारलं, नागबळी कशासाठी? म्हणाला, "माईचा आत्मा अडकलाय ना." म्हटलं, अडकलाय तो तिचा हिस्सा. त्यावर तो बराच वेळ बोलला नाही.

इथे काही मित्र मला समजावतात. "पैसे टाक आणि मोकळी हो. आपण इतके लांब, कशाला वाईटपणा घ्या?" मित्रहो, हा 'इतके लांब' हाच आपला रोग आहे. इथे आपण अगदी आधुनिक. इथल्या २०२१ च्या दंडसंहितेत जादूटोणा आणि भोंदूगिरी हा गुन्हा आहे, म्हणून इथे कुणी ताईत बांधायला धजावत नाही. आणि तिकडे गावी कौल, देवस्की, शांत, नागबळी, यांचा खर्च कुठून जातो? शारजा आणि दुबईच्या एक्स्चेंज हाऊसमधून. पाठवणारा म्हणतो, माझा विश्वास नाही पण घरच्यांचं समाधान. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी मागितला अठरा वर्षं, आणि मिळाला तो २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना गोळ्या घातल्यानंतर. आधी वटहुकूम, मग डिसेंबरात विधिमंडळात. १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. त्या दिवशी आपल्यातल्या कितीतरी जणांनी दाभोलकरांचा फोटो लावला होता. त्यातलेच काही जण जानेवारीच्या बसमध्ये आपल्या गावची हडळ रंगवून सांगत होते. कुणाची तरी काकू असेल ती. कुणाची तरी आत्या. कशी गेली, हे बसमध्ये एकानेही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मी पैसे पाठवलेले नाहीत. त्याची घरच्या ग्रुपवर रीतसर शोभा झाली. "तिकडे राहून नास्तिक झाली" पासून "हिला भाव वाढवून हवाय" पर्यंत. दुसरं खोटं आहे. पाडलेल्या भावातलं नुकसान माझंही आहेच. घर विकायला माझी हरकत नाही. छप्पर गेलंय, वासे वाळवीने खाल्लेत, ते सांभाळायला तिथे कुणी राहत नाही. जुन्या घरांबद्दल इथे बसून उसासे टाकणं सोपं असतं.

पण खरेदीखताचा मसुदा आला तेव्हा मी तो ओळ न् ओळ वाचला. मालकी हक्काच्या इतिहासात तीन भावांची नावं आहेत. मधल्या आजोबांपुढे लिहिलंय: निपुत्रिक मयत, सबब अन्य वारस नाहीत. बायको नाही. नोटीस नाही. मिळकतीच्या वर्णनात पडवी आहे, माडी आहे, कलमं मोजून आहेत, विहीर नाही. पार्टी ती बुजवणार आहे.

मी मसुद्यावर दोन दुरुस्त्या करून तो परत पाठवला आहे. वर्णनात विहीर घाला. आणि मधल्या आजोबांपुढे लिहा की त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी हयात होत्या, त्यांनी १९४६ मध्ये वाटणी मागितली होती आणि १९४७ मध्ये त्या मयत झाल्या. सोबत नोटिशीची प्रत जोडली आहे. त्यात माईचं पूर्ण नाव आहे, जे आमच्या घरात आज एकालाही ठाऊक नव्हतं. ते इथे देत नाही. आधी त्या कागदावर यायला हवं.

भावाच्या वकिलाचं म्हणणं, कायद्याने याची काही गरज नाही, उगाच गुंतागुंत. बरोबर असेल. मुखत्यारपत्र तयार आहे, माझ्या टेबलाच्या खणात. सही केलेली नाही.

शारजा